दोन पिंपं

हिवाळ्याच्या किमचीसाठीचे एकशे वीस कोबीगड्डे शनिवारी दुपारी दोनच्या आत मिरचीचा मसाला लावून डब्यांत जाऊन बसले आणि ग्वाक घराण्यात भांडण झालं नाही. मागच्या वर्षी मिठाच्या प्रमाणावरून सुरू झालेलं प्रकरण वडलांच्या टेकडीच्या वाटणीपर्यंत गेलं होतं, ते आठवून शेजारच्या बायका यंदा मदतीला जरा लवकरच आल्या होत्या. त्यांची निराशा झाली. सगळे जपून बोलत होते, कारण खरं भांडण चार वाजता प्यो मिस्त्री आल्यावर सुरू होणार हे घरातल्या चौघांनाही पक्कं ठाऊक होतं.

म्हातारीच्या, म्हणजे गेसुनबाईंच्या खोलीच्या जमिनीखालून फिरून घर तापवणारा गरम पाण्याचा पाइप सप्टेंबरपासून झिरपत होता. जमिनीवरचं मेणकापड फुगून आलं होतं. जमीन फोडायचीच होती, प्रश्न एवढाच की फोडल्यावर आत घालायचं काय. मिस्त्री सोमवारी काम धरायला तयार होता. डिसेंबरची थंडी धरली की सिमेंट बसत नाही, मग थेट एप्रिल. म्हणून उत्तर आज हवं होतं.

थोरल्या तेगुनकडे उत्तर तयार होतं आणि ते वहीत होतं. देगू शहरातल्या कारखान्यात तीस वर्षं त्याने दातेरी चाकं तपासली होती. वहीत नाही ते जगात नाही, असा त्याचा साधा हिशेब. तेलवाल्याकडून त्याने सहा वर्षांच्या पावत्या मागवून घेतल्या होत्या. वडील गेल्यापासून दर हिवाळ्याला दोन पिंपं तेल, एकदाही जास्त नाही. त्यावरून त्याने असं मांडलं होतं की दोन पिंपं जाळणाऱ्या घरात कुठलंही मोठं यंत्र बसवलं तरी त्याची किंमत कधीच वसूल होणार नाही. मागच्या दोन खोल्या बंद करायच्या. आईच्या एका खोलीत जमिनीखाली विजेची पातळ पट्टी अंथरायची, बॉयलर काढून टाकायचा. एक माणूस, एक खोली. वसुली किती वर्षांत, हे लिहिताना तो आईच्या वयापाशी थोडा थांबला होता आणि तो रकाना त्याने रिकामा ठेवला होता.

धाकटी यॉनसिल आंदोंगला केस कापायचं दुकान चालवत होती आणि नवरा सोडल्यापासून कोणाचंच ऐकत नव्हती. तिला लाकडाच्या गोळ्यांवर चालणारा बॉयलर हवा होता. तालुक्याच्या कचेरीकडून अनुदान मिळतं, सगळं घर तापतं, तेलाचा भाव वाढला तरी झळ नाही. सगळं घर कशाला तापवायचं, असं दादाने फोनवर विचारलं तेव्हा ती गप्प बसली होती. त्या गप्प बसण्याचा तेगुनने लावायचा तो अर्थ लावला. पोरगी मागच्या खोल्या शहरातल्या पाहुण्यांना भाड्याने देणार, आणि मग घर तिचंच होणार.

तेगुनची बायको इनसुक नवऱ्याच्या बाजूने होती. म्हणजे गुरुवारपर्यंत होती.

आदल्या रात्री कोबी मिठात घालायचा म्हणून ती एक दिवस आधी, शुक्रवारीच, बसने आली. न कळवता आली, कारण कळवलं की सासूबाई थांब्यावर येऊन उभ्या राहतात. घर उघडंच होतं. इनसुकने चपला काढल्या आणि जमिनीवर पाय ठेवला, आणि पुन्हा चपला घालाव्यात असं तिला वाटलं. एकतीस वर्षांत या घराची जमीन तिला कधी गार लागली नव्हती. उलट सणावाराला आलं की इतकी भाजायची की तिची मुलगी हारिम लहानपणी आजीच्या घरी उड्या मारत चालायची.

खोलीत तंबू उभा होता. मुलं खेळायला लावतात तसला, कापडाचा, पिवळा. आत विजेची चटई, चटईवर तीन पांघरुणं, उशाशी लोकरीची टोपी आणि बाहेर घालायचा फुगीर कोट. तंबूच्या कडेला तालुक्याच्या समाजकल्याण विभागाचं नाव छापलेलं होतं. इनसुकने भिंतीवरच्या बॉयलरच्या बटणांच्या डब्याकडे पाहिलं. हिरवा दिवा लागलेला होता आणि दिव्याखाली लिहिलेलं होतं, 'बाहेर'. घराला कुलूप लावून गावाला जाताना दाबायचं ते बटण. त्यावर पाइप गोठू नयेत इतपतच पाणी फिरतं. बाकीच्या बटणांवरची अक्षरं अजून कोरी करकरीत होती, याच्यावरची मात्र अर्धी पुसून गेली होती.

पाच वाजता गेसुनबाई ज्येष्ठ मंडळाच्या खोलीतून परत आल्या. दारातल्या अनोळखी चपला पाहून त्या काय समजायचं ते समजल्या. कशी आलीस, जेवलीस का, काही विचारलं नाही. सरळ भिंतीपाशी गेल्या, बटण फिरवलं, आकडा अठ्ठावीसवर नेला. स्वयंपाकघरामागे बॉयलरने धप्प आवाज केला. मग त्यांनी तंबूच्या काड्या काढल्या, घडी केली आणि कपाटामागे सारली. हाताला इतकी सवय की बघावंही लागलं नाही.

"पाहिलंस," त्या म्हणाल्या.

इनसुकने विचारलं, हे कधीपासून.

"दिवसभर मी मंडळात असते. तिथलं तेल सरकारी. भरपूर तापवतात, आम्ही पत्ते खेळतो, भात पण तिथेच होतो. मग मी बाहेरच की नाही? बाहेर तर बाहेर. खोटं काय त्यात."

"आणि झोपायला?"

"झोपलेल्या माणसाला काय कळतंय." मिठाचं पोतं सोडत त्या बोलत राहिल्या. आवाज चढला नाही की उतरला नाही. "तेगुनला सांगू नकोस. हे घर खरं किती तेल पितं ते त्याला कळलं ना, की तो म्हणणार, आई, हिवाळ्यापुरतं. मंडळातल्या सुनमोच्या मुलाने पण हेच म्हटलं होतं. योंगजूला चांगलं इस्पितळ आहे म्हाताऱ्यांचं, हिवाळ्यापुरतं जाऊन राहा. एक पिशवी घेऊन गेली ती परत आलीच नाही. वसंतात पोरं आली ती तिच्या आंबवलेल्या सोयाबीनच्या बरण्या वाटून घ्यायला. चांगल्या चाळीस वर्षांच्या बरण्या. मला दोन पिंपांत राहता येतं, हारिमच्या आई. दोन पिंपांच्या बाईला कोणी महाग म्हणत नाही."

इनसुकने शब्द दिला. सांगणार नाही.

शब्द दिला आणि मग तिला झोप लागली नाही. गप्प राहिलं तर नवऱ्याची एक खोली होणार, विजेची पट्टी पडणार, आणि सासूबाई ती पट्टीही बंदच ठेवणार. यात तिला तिळभर शंका नव्हती. कोट्यवधीचं यंत्र बसवा नाहीतर सोन्याचे पाइप घाला, ही बाई पहिल्या दिवशी 'बाहेर' शोधून काढेल. बोललं तर इस्पितळ, नाहीतर देगूच्या फ्लॅटमधली हारिमची रिकामी खोली. आणि त्या खोलीत सकाळ-संध्याकाळ ताट घेऊन जाणारी कोण, हे काही वहीत लिहायला नको होतं. आपल्याला सासूबाई तिकडे नको आहेत, हे इनसुकने त्या रात्री स्वतःशी सरळ कबूल केलं. आणि त्या इथे तंबूत नको आहेत, हेही तितकंच खरं होतं.

शनिवारी बारा वाजता, सगळे अंगणात कोबीभोवती बसलेले असताना, ती पातेलं आणायला आत गेली. हातातला लाल झालेला रबरी मोजा तिने काढला आणि 'बाहेर' दाबलं.

---

चार वाजता प्यो मिस्त्री आला. त्याला समोर सगळे प्योसाहेब म्हणत. त्याच्यापुढे उकडलेलं डुकराचं मांस, ताजी किमची आणि माक्कॉल्लीची, म्हणजे तांदळाच्या दारूची वाटी ठेवली गेली. गेसुनबाई नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बसल्या. गरम पाणी आधी तिथे येतं, म्हणून ती जागा घरातल्या थोरल्याची. त्यांच्याजवळ तेगुन, मग मिस्त्री, मग यॉनसिल, आणि दाराशी, वाऱ्याच्या तोंडाला, सून. लग्न होऊन आल्या दिवसापासून ती तिथेच बसत होती आणि आपण तिथे का बसतो हे आता तिच्या ध्यानातही येत नसे.

तेगुनने वही उघडली. विजेच्या पट्टीचं त्याने सगळं समजावून सांगितलं. यॉनसिल म्हणाली की आईला एका खोलीत कोंडायचं असेल तर तसं सरळ म्हण, पट्टीबिट्टीच्या गोष्टी करू नकोस. तेगुन म्हणाला की कोंडण्याचा प्रश्न नाही, तिला दोन पिंपं पुरतात हा कागदावरचा पुरावा आहे, आणि ज्यांना पाहुण्यांसाठी खोल्या तापवायच्या आहेत त्यांनी स्वतःच्या खिशातून तापवाव्यात.

"कुठले पाहुणे?"

"तुलाच ठाऊक."

"मी येऊन राहणार होते इथे, दादा," यॉनसिल म्हणाली. "दुकानाची जागा मालकाने परत मागितली आहे. सांगायची लाज वाटत होती. आता वाटत नाही."

मिस्त्रीने मांसाचा तुकडा कोबीच्या पानात गुंडाळला आणि उगाच बराच वेळ चावला.

गेसुनबाईंचं मात्र यातल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं. त्यांचा डावा खुबा डॉक्टरपेक्षा खरं बोलतो, आणि तो तीन वाजल्यापासूनच बोलत होता. पाठीमागची भिंत गार होती. हळूच मान वळवून त्यांनी डब्याकडे पाहिलं, तर हिरवा दिवा. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून ताटलीतल्या लसणाच्या पाकळ्या सारख्या करत बसली होती. उठून बटण फिरवावं, एवढंच करायचं होतं. पण उठलं की चौघं बघणार, का उठलीस विचारणार. एवढी वर्षं घरात कोणी नसताना दाबलेलं बटण आज चार माणसांसमोर आपल्यालाच बंद करता येत नाही, याचा त्यांना भयंकर राग आला. शब्द दिला होता हिने. एकतीस वर्षांत पहिल्यांदा हिच्याकडे काही मागितलं होतं.

पाच वाजत आले. ऊन टेकडीमागे गेलं आणि घर गारठायला लागलं. यॉनसिलने कोट ओढून खांद्यावर घेतला. मिस्त्री मांडी बदलून बदलून बसत होता. तेगुनने वही मांडीवर घेऊन दोन्ही हात मांड्यांखाली घातले, मग पुन्हा काढले, मग जमिनीवर तळवा ठेवून पाहिला.

"बॉयलर बंद पडला का?"

मिस्त्री उठला. धंद्याचं काहीतरी करायला मिळालं म्हणून त्याला बरंच वाटलं. डब्यापाशी जाऊन त्याने चष्मा वर केला. "बंद नाहीये साहेब. 'बाहेर'वर आहे. याच्यावर नुसता पाइप जपतो तो."

"कोणी लावलं?"

"मी," इनसुक म्हणाली. "बारा वाजता."

तेगुनला काहीच समजेना. बायको चुकून असं करणारी नव्हती. "का?"

"तुमच्या वहीत दोन पिंपं लिहिली आहेत ना. ती ही. तुम्ही आत्ता बसला आहात ती दोन पिंपं." तिने कपाटाकडे बोट केलं. "कपाटामागे हात घालून बघा."

त्याने हात घातला. पिवळ्या कापडाची घडी बाहेर आली, काड्या सुटल्या आणि अर्धा तंबू त्याच्या हातातच उघडला. तो उलटासुलटा करून त्याने वरचं छापलेलं नाव वाचलं. मग आत शिवलेल्या खिशात सापडलेली लोकरीची टोपी वाचायची असल्यासारखी बघितली. ती वडलांची होती.

"आई, तू याच्यात झोपतेस?"

गेसुनबाईंनी हात पुढे करून टोपी परत घेतली.

तेगुन वाईट माणूस नव्हता. पण लाज वाटली की तो आकड्यांकडे पळायचा, लहानपणापासून. तंबू खाली ठेवून त्याने वही पुन्हा उघडली आणि मिस्त्रीला विचारलं, हे घर माणसासारखं तापवायचं तर खरं तेल किती लागेल. मिस्त्रीने खिडक्यांकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि म्हणाला, सात. कडक हिवाळा असला तर आठ. तेगुनने दोनवर काट मारली आणि आठ लिहिले. मग मान वर न करता म्हणाला, "हे झेपणारं नाही. आई, मला वाटतं, हिवाळ्यापुरतं..."

गेसुनबाईंनी डोळे मिटून घेतले.

यॉनसिल वहिनीवर उखडली. जमलं ना वहिनी, तंबू दाखवून आईला घराबाहेर काढायचं होतं ते. तुम्हाला तिकडे नको, इथे नको, मग योंगजू बरं. इनसुकने तिला बोलू दिलं. मग ती नवऱ्याकडे वळली.

"मी आईंना शब्द दिला होता, सांगणार नाही म्हणून. मी सांगितलं नाही, जमिनीला सांगू दिलं. तुम्ही काय म्हणाल ते आईंनी मला कालच सांगितलं होतं. हाच शब्द. हिवाळ्यापुरतं. हा शब्द तुमच्या तोंडून ऐकायला लागू नये म्हणून त्या सहा वर्षं तंबूत झोपल्या. आणि तुम्हाला तो म्हणायला पाच मिनिटं लागली नाहीत."

पेन तेगुनच्या हातातच होतं. त्याने ते वहीवर ठेवलं, ते घरंगळत गेलं, आणि ते उचलायला कोणी वाकलं नाही.

शेवटी मिस्त्रीच बोलला. परक्या घरातलं हे सगळं ऐकून तो घामाघूम झाला असता, पण तेवढी ऊब तिथे नव्हती. तो म्हणाला, मी धंदेवाला आहे, मोठं यंत्र विकलं तर माझाच फायदा. पण खरं सांगू का, तुम्ही यंत्रावरून भांडताय आणि घर गळतंय. खिडक्या एकेरी, जमिनीखाली ऊब धरणारं काही नाही. आजी सहा वर्षं घर नाही, बाहेरची टेकडी तापवत होत्या. गोळ्यांची पोती वीस किलोची असतात, ती आजींनी उचलायची का? यॉनसिल म्हणाली, मी उचलीन. मग तीच म्हणाली, पण मी कामाला बाहेर गेले की कोण. मिस्त्री पुढे म्हणाला की जमीन फोडतोच आहोत तर खाली जाड थर घाला, खिडक्या दुहेरी करा, आणि वर साधा लहान तेलाचाच बॉयलर नवा बसवा. पुढच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. चार पिंपांत अख्खा हिवाळा निघेल. आज पैसे जास्त जातील, पण जातील ते एकदाच.

तेगुनने पेन उचललं. चार लिहायचे म्हणून उचललं आणि थांबला. त्या वहीत या बाईला काय हवं याचा रकानाच नव्हता, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

"आई, तू सांग. काय घालायचं?"

गेसुनबाईंनी डोळे उघडले. "काय वाटेल ते घाल. मला त्यातलं कळत नाही. पण आधी एक लिही."

"काय?"

"मी इथून कुठे जायची नाही. देगूला नाही, योंगजूला नाही. हिवाळ्यापुरतं पण नाही. ते लिही. मग खाली तुझे आकडे घाल."

तेगुनने बहिणीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. कोणी सोडवायला आलं नाही. मग नव्या पानावर, चाकांची मापं लिहायचा तशा गोल, सुवाच्य अक्षरात त्याने लिहिलं. आई कुठेही जाणार नाही. लिहून झाल्यावर नाक पुसलं आणि वही आईपुढे धरली. तिने ती लांब धरून नीट वाचली, एकेका शब्दावर बोट ठेवून, आणि परत दिली.

मिस्त्रीने आपला कागद काढला. खोल्या दोन, स्वयंपाकघर एक, खिडक्या पाच. भिंतीवरचा नवा डबा कुठे हवा, त्याने विचारलं.

"त्याला पण 'बाहेर'चं बटण असतं का?" तेगुनने विचारलं.

"सगळ्यांनाच असतं साहेब."

"ते काढून टाकता येईल?"

"राहू दे," गेसुनबाई म्हणाल्या. "मी खरंच जाईन तेव्हा लागेल कोणाला तरी. तोवर हात लावायचा नाही कोणी. मी पण नाही."

तेगुन उठला. पाय बधिर झाले होते म्हणून भिंतीचा आधार घेत डब्यापाशी गेला आणि आकडा चोवीसवर नेला. स्वयंपाकघरामागे धप्प आवाज झाला. मिस्त्री सोमवारी सात वाजता येतो म्हणून निघाला. यॉनसिल त्याच्याबरोबर किमचीचा डबा घेऊन फाटकापर्यंत गेली. इनसुक ताटल्या गोळा करू लागली. सासूबाईंकडे बघायचं ती टाळत होती.

"हारिमच्या आई."

"हं."

"दारात काय बसतेस कायम. इकडे ये."

इनसुक म्हणाली, आहे की बरी. गेसुनबाईंनी कंबरेला हात लावत, कण्हत, भिंतीलगत हातभर जागा केली.

"इथे लवकर येतं. तिकडे पोचायला अर्धा तास लागतो."

इनसुकने ताटल्या खाली ठेवल्या आणि जाऊन सासूबाईंच्या शेजारी बसली. जमीन अजून गारच होती. दोघी भिंतीला टेकून वाट बघत बसल्या.